एकवीस सालच्या बाईचा गाल

ब्रश क्रीक, ओहायो
११ फेब्रुवारी, बर्फ दुसऱ्या पायरीपर्यंत

ती. अर्लीनताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. वाकूनच करणार होतो, पण कमरेत उसण भरली आहे, तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या केलेला चालवून घे. तुझे सांधे कसे आहेत? बर्टभावजींना आता नीट ऐकू येतं का? (येत नसेल तर घाई करू नका, त्यांना मिळते ती शांतता तेवढीच आहे.) अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत तुझे गुडघे तरुण झाले असं तुझी भावजय नोरीन सांगत होती. इथली हवा तुला ठाऊकच आहे. गेले तीन आठवडे टपालपेटीपर्यंत जायला मी फावडं घेऊन निघतो, अर्धा तास बर्फ उपसतो, आणि पेटीतून निघते दफनभूमीतल्या जागांची जाहिरात. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस, आणि हे प्रकरण दोन वाक्यांत मावणारं नाही. कॉफी घेऊन बस. मोठा कप घे.

विषय बाबांच्या नाण्याचा आहे. तुला आठवतंच असेल, एकोणसाठ सालच्या नाताळात बाबांनी बँकेतून दोन चांदीचे डॉलर आणले होते, दोन्ही एकवीस सालचे, दोन्ही एकाच थैलीतले, कोणाच्याही खिशात न गेलेले. तू दहा वर्षांची, मी सात. बाबा म्हणाले, "दोघांना सारखंच दिलंय. भांडलात तर दोन्ही परत बँकेत." आता सारखंच म्हणजे काय, तर तुझ्या नाण्यावरच्या बाईचा गाल स्वच्छ, आणि माझ्या बाईच्या गालावर नखाएवढी खूण. तू लगेच म्हणालीस, "विल्मरच्या बाईला गांधीलमाशी चावली!" मी रडलो. आईने मला भोपळ्याच्या गोड 'पाय'चा जादा तुकडा दिला, तो तू खाल्लास. (मी हे उकरून काढत नाही. फक्त तारीखवार मांडतो आहे.) बाबांनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "विल्मर, हे पासष्ट वर्षांनी बघ, काय होतं ते." ती पासष्ट वर्षं झाली. काय झालं ते सांगतो.

एकवीस सालची ही नाणी सरकारने चार कोटींच्या वर पाडली. कुठल्याही म्हाताऱ्याच्या मोज्यांच्या खणात हात घातलास तर एखादं हाताला लागेल. त्यामुळे अशा नाण्याची सगळी इज्जत त्याच्या गुणांवर असते. गुण सत्तरपैकी देतात. (शंभरपैकी का नाही, हे विचारायचं नसतं.) साठच्या खाली म्हणजे बाजारात फिरून आलेलं. साठच्या वर म्हणजे न वापरलेलं, पण थैलीत इतर नाण्यांशी धक्काबुक्की झालेलं. पासष्ट म्हणजे असं नाणं, की मालकाने चारचौघांत मान ताठ ठेवावी. हे गुण नुसत्या डोळ्यांनी ठरवणारा माणूस आमच्या नाणेक्लबात एकच आहे, आणि नोरीन काहीही म्हणो, तो मीच. अडतीस वर्षं दर शनिवारी सकाळी वाचनालयाच्या तळघरात ते दिव्याचं टेबल आहे ना, त्याच्यामागे मी बसतो. लोक रांगेने येतात, नाणं ठेवतात, मी भिंग लावतो आणि आकडा सांगतो. कोणी खूश होऊन जातं, कोणी तोंड पाडून जातं, पण माझ्या आकड्याला उलट बोलण्याची छाती आजवर कोणाची झाली नव्हती.

ती झाली लोवेल डिट्झची. (ज्यांनी बाबांना फुटक्या इंजिनाचा ट्रॅक्टर विकला, त्या डिट्झांपैकीच. हे घराण्यातच आहे.) तो यंदा क्लबाचा अध्यक्ष झाला, कारण दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. गेल्या वसंतात मी सहज बोलता बोलता म्हणालो की माझ्या वडिलांनी दिलेलं नाणं पासष्टचं आहे. लोवेल डोनट खात होता. तो डोनट खाली ठेवून म्हणाला, "मग पाठव ना तपासायला. कागदावर येऊ दे. तुझा डोळा काय, आज आहे उद्या मोतीबिंदू." सगळे हसले. मी पाठवलं.

हे तपासणीवाले म्हणजे कुठल्या तरी दूरच्या शहरात एका अंधाऱ्या खोलीत बसलेली तीन तरणी माणसं. ती प्रत्येक नाण्याकडे सात सेकंद बघतात. मग नाणं प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून, वर आकड्याची चिठ्ठी लावून परत पाठवतात. ज्या नाण्याकडे मी चाळीस वर्षं रोज न्याहारीनंतर बघत आलो, त्याला या सात सेकंदवाल्यांनी दिले त्रेसष्ट. का, तर म्हणे गालावर ओरखडा! ताई, अडाणी लोक ज्याला ओरखडा म्हणतात तो ओरखडा नाहीच. ती खूण टांकसाळीतल्या ठशातूनच आलेली आहे. यावर माझा अभ्यास आहे. (त्याबद्दल पुढे.) लोवेलने डबी हातात घेऊन मोठ्या मायेने माझ्या पाठीवर थोपटलं. "त्रेसष्ट वाईट नाही हो विल्मर. माझ्या नातीला गणितात एवढेच पडतात."

आता आमच्या मंडळींत एक चाल आहे. आकडा पटला नाही तर डबी फोडायची, नाणं बाहेर काढायचं आणि जणू पहिल्यांदाच पाठवतो आहोत अशा चेहऱ्याने पुन्हा पाठवायचं. यात लबाडी काही नाही, सगळेच करतात. नोरीनला मी हे समजावून सांगितलं. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "म्हणजे पैसे देऊन कुलूप लावून घ्यायचं, हातोडीने ते फोडायचं, आणि परत पैसे देऊन कुलूप लावून घ्यायचं?" मी म्हटलं, हे शास्त्र आहे. ती म्हणाली, "असू दे. हातोडी माझी आहे, काम झालं की खिळ्याला अडकवा." बायकांना शास्त्राचं काही नसतं. मी डबी टॉवेलमध्ये गुंडाळली, गॅरेजमध्ये नेऊन फोडली आणि नाणं पुन्हा पाठवलं. या खेपेला आले बासष्ट.

बासष्ट! तेच नाणं, तीच बाई, तोच गाल. मधल्या चार महिन्यांत ती बाई काय उनाडक्या करून आली होती का? मी तपासणीवाल्यांना तीन पानी पत्र लिहिलं. त्यांनी उत्तरादाखल एक छापील कार्ड पाठवलं, 'आपल्या पसंतीबद्दल आभारी आहोत'. लोवेलने भर सभेत हिशेब मांडला की या वेगाने मी ख्रिसमसपर्यंत साठला पोचेन आणि ईस्टरला नाणं दूध आणायला वापरता येईल. त्यावर कोषाध्यक्ष इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. (ते मीच आणून दिलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे.)

तेव्हा डिसेंबरात मी दुसऱ्यांदा हातोडी काढली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. नोरीन दरवर्षी चर्चच्या नववर्षाच्या जेवणासाठी कोबी आंबवायला घालते आणि ती मोठी मातीची बरणी थंडाव्याला गॅरेजमध्ये ठेवते. त्या दुपारी तिने वरचा फेस काढण्यासाठी झाकण उघडलं होतं, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला म्हणून ती आत गेली. मला हे काहीच माहीत नव्हतं. मी आपला कोपऱ्यात टॉवेल, टॉवेलात डबी, आणि मनात लोवेलचा चेहरा. त्या चेहऱ्यामुळेच असेल, घाव जरा जोरात बसला. डबी फुटली, टॉवेल फाटला आणि बाबांचं नाणं कानाजवळून सूं करून गेलं. मी कान टवकारले. फरशीवर ठण्ण आवाज यायला हवा होता, तो आलाच नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

ताई, तीन दिवस मी त्या गॅरेजमध्ये रांगत होतो. गवत कापायचं यंत्र उलटं केलं. गाडीच्या चटया काढल्या. बर्टभावजींनी नव्वद साली नेलेली आणि परत न केलेली शिडी सोडून गॅरेजमधली प्रत्येक वस्तू हलवली. नोरीन दारात येऊन विचारायची, "काय शोधताय?" मी म्हणायचो, काही नाही. "बरं. मग ते सापडलं की सांगा," म्हणून ती जायची. एकदा तर मी यंत्राखाली आडवा असताना ती माझ्या डोक्यावरून बरणी उचलून घेऊन गेली आणि मी तिला दार उघडून दिलं.

नववर्षाच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये साठ माणसं. डुकराचं मांस, आंबवलेला कोबी, उकडलेले बटाटे, सगळं दरवर्षीसारखं. आपल्या आजीच्या वेळची ती रीत तुला आठवते? कोबीत चांदीचं नाणं टाकायचं, ज्याच्या ताटात येईल त्याचं वर्ष भाग्याचं आणि नाणंही त्याचंच. ती रीत आमच्या चर्चमध्ये बंद पडून तीस वर्षं झाली. त्यामुळे लोवेल डिट्झच्या काट्याखाली जेव्हा टण्ण झालं, तेव्हा टाळ्यांचा नुसता कडकडाट. म्हाताऱ्या बाया नोरीनच्या गळ्यात पडून "जुनी रीत परत आणलीस गं बाई!" म्हणायला लागल्या. नोरीन त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. मी गवत कापायच्या यंत्राखाली का झोपलो होतो, हे तिला त्या क्षणी कळलं.

लोवेलचं एक कबूल करायला हवं. कोबी निथळत असतानाही त्याने नाणं कडेनेच धरलं. मग त्याने खिशातून भिंग काढलं. (चर्चच्या जेवणाला भिंग घेऊन कोण येतं? माझंही खिशात होतं म्हणा, पण मी काढलं नाही.) बराच वेळ बघून तो साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "अठ्ठावन्न. वर शहाजिऱ्याचा वास." मग त्याची नजर गालावर गेली. "अरे विल्मर, ही तर तुझी गांधीलमाशीवाली!" (तुझं ते वाक्य तेव्हा गावभर झालं होतं.) पाद्रीबाबा म्हणाले, रीत ती रीत, नाणं आता लोवेलचं. माझ्या घशात बटाटा अडकला. लोवेलने नाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नाणं माझ्या बशीत ठेवलं. "नको हो पाद्रीबाबा. असली माझ्याकडे वाटीभर पडलीत. त्यापेक्षा कोबी वाढा." आणि त्याने खरंच दुसऱ्यांदा कोबी घेतला. ताई, त्याने ते खिशात घातलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. चोराला निदान वस्तूची किंमत असते.

आणि याच्यावर कडी म्हणजे नोरीन आली, बशीतलं नाणं उचललं, एप्रनने दोन्ही बाजूंनी खसाखसा घासून लख्ख केलं आणि "घ्या, ठेवा खिशात" म्हणाली. लोवेलनेसुद्धा डोळे झाकून घेतले. जुनं नाणं पुसणं म्हणजे काय हे तुला कसं सांगू? आमच्यात एक वेळ बायको पळून गेली तर लोक सांत्वनाला येतात, पण नाणं पुसलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही. तरी मी ते तिसऱ्यांदा पाठवलं. परत आलं ते डबीवर आकडा नसतानाच. नुसतं लिहिलेलं, 'साफ केलेले'. नापास नव्हे, परीक्षेलाच बसू दिलं नाही.

गेल्या शनिवारी लोवेलने ठराव मांडला. एप्रिलच्या प्रदर्शनात माझ्या वडिलांनी दिलेलं पासष्टचं नाणं मी टेबलावर मांडावं, नाहीतर दिव्याचं टेबल लोवेलकडे जावं. ठराव अकरा विरुद्ध दोन मतांनी पास झाला. विरोधातलं एक मत माझं, आणि दुसऱ्या गृहस्थांचा हात झोपेत वर गेला होता. घरी आल्यावर नोरीन म्हणाली, "गेलं तर गेलं, शनिवारी घरी राहाल." खरं सांगतो ताई, मला ते टेबल हवं आहे. डेअरीतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून एकदाच मला कोणी काही विचारतं आणि मी सांगेपर्यंत थांबतं. तो दिवा दुसऱ्याच्या डोक्यावर लागलेला मला बघवणार नाही. पण ते जाऊ दे. तुझ्याकडून मला काही नको आहे. मन मोकळं करायला मोठी बहीण असते, ते केलं. बर्टभावजींना नमस्कार सांग, जरा मोठ्याने.

तुझा धाकटा भाऊ (सत्तरपैकी किती, ते तूच ठरव),
विल्मर

ता. क. सहज विचारतो, तुझं नाणं अजून त्या बटणांच्या डब्यातच आहे ना? नाताळात तुझ्या लेकीने, जॉयलिनने, तुझ्या शिवणाच्या टेबलाचा फोटो पाठवला, त्यात कोपऱ्यात दिसल्यासारखं वाटलं. बाईचा गाल अगदी लोण्यासारखा दिसत होता. अर्थात हल्लीचे फोन सगळ्याच बायकांचे गाल गुळगुळीत करतात म्हणा.

ता. क. २. एक बारीकशी गोष्ट वर राहून गेली. पंचाऐंशी साली बाबांना पोचवून आपण घरी आलो, तू मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होतीस, तुझा बटणांचा डबा कपाटावर उघडा होता, आणि मी आपली दोन नाणी बदलली. तुझं माझ्या कोटाच्या खिशात, माझं तुझ्या डब्यात. रागावू नकोस. तुला नेहमीच चांगलं ते मिळायचं. खिडकीची खोलीसुद्धा तुलाच मिळाली. कोट खुंटीला अडकवून मी पाहुण्यांना कॉफी द्यायला गेलो. आणि गंमत बघ, देवाने लगेच कान उपटला. माझ्या घरी येऊन भिंग लावतो तर तुझ्याही बाईच्या गालावर तश्शीच खूण! तीच जागा, तीच लांबी! लहानपणी आपल्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हाच मला उमगलं की हा ओरखडा नव्हेच, दोन्ही नाणी एकाच ठशाची आहेत. यावर मी सत्त्याऐंशी साली क्लबात अकरा पानी निबंध वाचला. त्याच निबंधावर मला ते टेबल मिळालं.

ता. क. ३. तर आता माझं मन मला खातं आहे. बाबांनी ज्याचं त्याला दिलं होतं, मी कोण ते फिरवणारा? म्हणून तुझं नाणं मी तुला प्रामाणिकपणे परत करणार आहे. (थोडं घासलेलं आहे, पण चकाकतं छान.) माझं तेवढं मला पाठवून दे. ते चाळीस वर्षं कोरड्या हवेत, कोणी हात न लावता पडून आहे. कडेने धर. पुसू नकोस. फुंकरसुद्धा मारू नकोस. भावजींच्या हातात देऊ नकोस. मार्चच्या वीस तारखेपर्यंत पोचलं पाहिजे.

वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून खाली ही जागा मिळाली. काही पाठवू नका. त्या दिवशी ह्यांनी नाणी बदलली ती मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिली होती. हे कॉफी द्यायला गेले तेवढ्यात मी कोटाच्या खिशातलं काढून तुमच्या डब्यात टाकलं आणि डब्यातलं ह्यांच्या खिशात. तुमच्याकडे आहे ते तुमचंच आहे, ह्यांच्याकडे आहे ते ह्यांचंच. तो निबंध ह्यांनी मला दोनदा वाचून दाखवला, तेव्हा मी पातेलं घासत होते, म्हणून हसू लपलं. इतकी वर्षं सांगावं असं खूपदा वाटलं, पण ते टेबल म्हणजे ह्यांचा जीव आहे, जीभ रेटली नाही. तुम्ही एवढंच करा. ह्यांना लिहा की नाणं टपालाने पाठवणार नाही, स्वतः येऊन घेऊन जा, आणि येताना तुझ्याकडचंही आण. चार वर्षं झाली तुम्हा दोघांची भेट नाही, आणि ह्या एका गोष्टीसाठी हे विमानातसुद्धा बसतील. आले की दोन्ही नाणी खिडकीपाशी शेजारी शेजारी ठेवा, आणि काही बोलू नका. डोळा आहे ना ह्यांचा.
नोरीन